मातीच्या ढिगाचे लाड

मित्रांनो, मी एक जुना पोकलेन आहे. दगडाच्या खाणीत लांब हात पुढे टाकून खणणारे, साखळ्यांवर चालणारे पिवळे यंत्र तुम्ही पाहिले असेल, तोच मी. पिवळा आता मी फक्त दाराच्या आतल्या बाजूने उरलो आहे, बाकी सगळीकडे गंजाने आपला रंग लावून टाकला आहे. आपली गोष्ट सांगताना लोक आधी आपले गुण सांगतात. मी आधी माझे दुखणे सांगतो. माझा सारा जन्म एका मातीच्या ढिगाचा हेवा करण्यात गेला. हसू नका. तुमच्या वर्गात एखादा काहीही न करता सगळ्यांचा लाडका असतो की नाही? तसाच तो होता. फरक इतकाच, की तुमच्या वर्गातला निदान अधूनमधून उठून फळा तरी पुसतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या हातात तेलाचा जोर भरला, पुढे खणायची दातेरी बकेट बसवली आणि एका माणसाने माझ्या पाठीवर थाप मारून म्हटले, "हा डोंगर खाईल." त्या एका वाक्याच्या भरवशावर मी ट्रेलरवर बसून केवढा तरी लांबचा प्रवास केला. वाटेत लोक थांबून थांबून मला बघत होते. कोणी तरी आपल्याकडे बघावे, ही खोड मला तेव्हा लागली.

माझ्या वाट्याला आले ते टेकडीच्या उतारावरचे एक शेत. त्याच्या पोटात चांगला काळा दगड होता. शेत एका विधवा बाईचे. तिचे घर शेताच्या वरच्या टोकाला, घराशेजारी शेळ्यांचा गोठा. तिला सगळे आक्का म्हणत, कारण मला चालवणारा ऑपरेटर तिचा सख्खा भाऊ होता आणि तो तिला आक्का म्हणे. त्या ऑपरेटरला खाणीवर सगळे उस्ताद म्हणत. आक्का मात्र त्याला चारचौघांत 'धाकट्या' अशी हाक मारी, आणि उस्तादची सगळी उस्तादी तेवढ्यात उतरे.

पहिल्या दिवशी आक्का माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बोलली मात्र खाणीच्या मालकाशी.

"खालचा दगड तुमचा, वरची माती माझी. मुदत संपली की जमीन अशी करून द्यायची की शेळ्या चरत चरत खाली उतरल्या पाहिजेत. कड्यावर उभ्या राहून खाली बघत बसायच्या नाहीत."

"आक्का, करारात लिहिलंय सगळं," मालक म्हणाला.

"लिहिलंय ते तुम्ही वाचा. मी तोंडानं सांगतेय ते ऐका."

खाणीच्या मॅनेजर मॅडम शेजारी हेल्मेट सारखे करत होत्या. त्या म्हणाल्या, "मालक, परवान्यातही तेच आहे. वरची माती आधी वेगळी काढायची, जपायची आणि शेवटी परत पसरायची. उतार सौम्य करायचा. त्याशिवाय खाण बंद झाली असं कागदावर येत नाही."

झाले. डोंगर खायला आलेल्या मला पहिले काम मिळाले ते दुधावरची साय काढण्याचे. हातभर खोल जायचे, पुढे नाही. काळी माती वेगळी, तिच्याखालचा मुरूम वेगळा. जरा खोल गेलो की मॅडम हात वर करत आणि उस्ताद दांडी मागे घेई. त्या सायीचा ढीग खाणीच्या काठापासून चांगला लांब, एका कोपऱ्यात घातला. तोही उंच करायचा नाही; आतली माती गुदमरते म्हणे. पसरट, ऐसपैस, जेवण करून आडवे झालेल्या माणसासारखा. मग त्याच्यावर गवताचे बी टाकले. पाण्याने वाहून जाऊ नये म्हणून भोवती चर खणला, आणि तो चर, मित्रांनो, मलाच खणायला लावला. शेवटी पाटी आली: 'सुपीक माती. हात लावू नये.'

माझ्यावर कसली पाटी होती? 'मागे उभे राहू नये.'

पुढची वर्षे माझ्या उमेदीची. खाणीचा कडा भिंतीसारखा सरळ कापायचा नसतो. जिन्यासारखे पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरायचे असते. वरून दगड सुटला तर तो पायरीवर अडकतो, खालच्या माणसाच्या डोक्यावर येत नाही. त्या रुंद पायऱ्या मी कापल्या. पायरीच्या तोंडावर लोंबणारे सैल दगड मी ओढून काढले. डंपर भरभरून दगड गेला, त्याची खडी झाली, तिच्यावरून रस्ते गेले, आणि तुम्ही त्या रस्त्यांवरून शाळेत गेलात. आता हिशेब तुम्हीच करा. एका बाजूला हे सगळे, दुसऱ्या बाजूला आडवे पडून अंगावर गवत उगवून घेणे. तरी कौतुक कुणाचे?

तपासणीचे साहेब आले की आधी पायऱ्या बघत, मान हलवत आणि मग थेट ढिगाकडे जात. एकदा त्यांनी ढिगाचा फोटो काढायला मोबाइल वर केला. मी शेजारीच होतो, धुऊनपुसून आलेला. मॅडम उस्तादला म्हणाल्या, "जरा मागे घ्या हो, सावली पडतेय त्याच्यावर." म्हणजे माझी सावलीसुद्धा फोटोत नको.

आक्काचे तर विचारूच नका. दुपारी भावाचा डबा घेऊन यायची. डबा माझ्या साखळीवर ठेवायची आणि तडक ढिगाकडे. हातातली काठी मातीत खुपसून बघायची, चिमूटभर माती बोटांत चोळायची, वास घ्यायची आणि तोंडभर हसून परत यायची.

"काय गं आक्का, नात्यातलं कोणी भेटलं का तिकडं?" उस्ताद विचारी.

"भेटलं की. तुझ्यापेक्षा बरं. बसल्या जागी वाढतंय, उलटून बोलत नाही."

"आणि हा? दिवसभर राबतोय तो?" उस्तादने एकदा माझ्या दारावर हात मारून म्हटले. मी कान टवकारले.

"तो धूर सोडतोय," आक्का म्हणाली आणि डब्याचे झाकण उघडले.

मग नवा आला. माझ्याहून मोठा, काचेची बंद केबिन, आत गार वारा, बसायला झुलणारी खुर्ची. मालकाने त्याच्यापुढे उभे राहून स्वतःचे किती तरी फोटो काढून घेतले. उस्ताद दोन दिवस माझ्या केबिनमध्ये बसून नुसता तिकडे बघत होता. तिसऱ्या दिवशी मालकाने किल्ली त्याच्या हातात दिली. जाताना त्याने माझ्या सीटवरची गादी काढून नेली. नव्याला गादीची काही गरज नव्हती. पण सवय झाली होती म्हणे. गादीची झाली होती, माझी नव्हती.

आणि मला कुठे उभे केले असेल? ढिगाच्या शेजारी. एवढी मोकळी खाण पडली होती, पण नाही. मी गंजत होतो, तो हिरवा होत होता. त्याला टँकरने पाणी घालायला यायचे तेव्हा पाइप माझ्या साखळीवरून ओढत न्यायचे. ते पाणी माझ्यावर सांडायचे, मला गंज आणि त्याला फुले. त्याचे बी उडून माझ्या सांध्यांत रुजले. मी एवढा लांब हाताचा, पण माझ्याच साखळीतले गवत मला उपटता येईना.

खाणीची मुदत संपत आली होती. मालकाला जाता जाता आणखी थोडा दगड हवा होता. वरच्या बाजूला घर असल्यामुळे हद्द वाढवता येत नव्हती. सगळ्यांत खालच्या पायरीच्या बुडाशी मात्र दगड मोकळा होता, बकेट लावली की हाती यायचा. मॅडम दुसऱ्या खाणीवर गेल्या होत्या. मालक नव्या पोकलेनच्या दाराशी जाऊन उभा राहिला. खाणीत आवाज घुमतो, म्हणून मला वर सगळे ऐकू आले.

"इथलं घे उस्ताद. लोण्यासारखा निघतोय."

"मालक, ते बूड आहे. त्याच्यावर अख्खा कडा उभा आहे."

"अरे, थोडंसंच. मॅडम आल्या की करू सारखं. आणि हे मशीन काय शोभेला आणलंय? त्या जुन्याला जमलं नसतं, ह्याला जमेल."

हे शेवटचे वाक्य मालकाने अगदी बेतून टाकले होते. उस्तादच्या हाती नवे यंत्र होते, वर लोक बघत होते, आणि कोणी तरी बघावे ही खोड मला एकट्यालाच असते असे थोडेच आहे? त्याने बूड कोरले. वरच्या पायऱ्या होत्या तशाच दिसत होत्या. पाय कापलेले टेबलही क्षणभर उभे असल्यासारखेच दिसते.

मग एका सकाळी आक्का शेळ्यांना हाकत, ओरडत खाली आली. गोठ्याच्या अलीकडे, जमिनीत लांबच लांब भेग पडली होती. तिची काठी आत गेली ती मुठीपर्यंत. मॅडमना फोन गेला. त्या आल्या आणि पहिले काम म्हणजे सगळ्यांना कड्याखालून बाहेर काढले, आक्काला घर रिकामे करायला लावले. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या आणि मधले अंतर मापायला एक माणूस बसवला. नवा पोकलेन कड्याच्या पायथ्याशी होता तिथेच राहिला. त्याला आणायला कोणी जायचे नाही, असे मॅडमनी बजावले. इतका चकचकीत, इतका गार, आणि त्याच्याकडे फक्त लांबून बघायचे. मला जरा बरे वाटले. खोटे कशाला बोलू?

मॅडम म्हणाल्या, "बुडाला वजन टाकलं तर कडा थांबेल. एका बाजूनं सुरू करायचं, टाकलेल्या दगडावर उभं राहून पुढं सरकायचं. उघड्या कड्याखाली कोणी जायचं नाही. खुंट्या हलल्या की शिट्टी होईल, शिट्टी झाली की सगळे मागं."

"वजनच ना? मग हा ढीग आहे की," मालकाने माझ्या शेजाऱ्याकडे बोट केले. "रस्त्याला लागून आहे. भरा पटापट."

"माती नाही चालणार. पाणी प्याली की तीच घसरते. दगड हवा, पाणी गळू देणारा. पलीकडे टाकाऊ दगड पडलाय, तो आणा."

"तो खाणीच्या त्या टोकाला. वळसा घालून येईपर्यंत सगळं खाली येईल."

"तरी तोच," असे म्हणून मॅडम खुंट्या बघायला वर गेल्या.

त्या दिसेनाशा झाल्या आणि मालक उस्तादच्या कानाशी लागला. "त्यांचं पुस्तकातलं असतं. तू जुना चालू कर आणि ही माती टाक. खाली मशीन अडकलंय माझं. ते गेलं तर तू तरी कशावर बसणार आहेस?"

मित्रांनो, ज्या क्षणाची मी इतकी वर्षे वाट बघितली, तो असा आला. उस्तादने माझे दार ओढले, ते रडत उघडले. गादी नसलेल्या सीटवर तो बसला, स्प्रिंग टोचली म्हणून मला शिवी दिली, आणि ती शिवीसुद्धा मला गोड लागली. मी खोकलो, काळा धूर ओकला आणि सुरू झालो. साखळ्यांतले गवत तडातड तुटले. मी वळलो. माझा हात वर गेला आणि त्या लाडावलेल्या, हिरव्यागार पाठीत उतरला.

पहिली बकेट वर आली. मुळांचे जाळे लोंबत होते, गांडुळे वळवळत होती. वास असा सुटला की डंपरवाल्यानेही काच खाली केली. मला काही वाटले नाही. मला दुसरी बकेट हवी होती, आणि तिसरी, आणि ती कोपऱ्यातली जागा सपाट.

तेवढ्यात आक्का आली. काखेत कपड्यांचे गाठोडे, हातात शेळीचा दोर. ती ढिगापुढे आडवी झाली नाही की रडली नाही. बाजूला उभी राहून बघत राहिली. उस्तादने हात हवेतच थांबवला.

"थांबलास का? टाक की. घरही माझंच, मातीही माझीच."

"आक्का, घर वाचेल."

"मॅडम काय म्हणाल्या?"

उस्ताद दांड्यांकडे बघत राहिला.

"धाकट्या, तुला विचारतेय. मॅडम काय म्हणाल्या?"

"मातीनं थांबणार नाही म्हणाल्या."

"मग घर कसलं वाचवतोयस? कुणासाठी भरतोयस ही?"

उस्तादची नजर खाली गेली. खाली कड्याच्या पायथ्याशी नव्याची काच चमकत होती. आक्कानेही तिकडे बघितले, मग भावाकडे.

"गार वारा येतो म्हणे त्यात," ती म्हणाली.

बस, एवढेच. उस्तादचे कान लाल झाले. त्याने बकेट परत ढिगावर नेली आणि इतक्या हळू रिकामी केली, की अंडी ठेवतो आहे असे वाटावे. वर बकेटच्या पाठीने ती माती थोपटली. माझ्याच हाताने. मला कारखाना सोडल्यापासून कुणी थोपटले नव्हते, आणि मी ढिगाला थोपटत होतो.

"अरे, काय करतोयस काय?" मालक धावत आला. "उद्यापासून येऊ नकोस कामावर."

"उद्या नाही येत. आज दगड टाकतो," उस्ताद म्हणाला आणि त्याने मला वळवले.

तो लांबचा वळसा मी कसा काढला, ते माझ्या साखळ्यांना विचारा. पलीकडे टाकाऊ दगडाचे डोंगर पडले होते, ज्यांना कोणी पाटी लावली नव्हती की पाणी घातले नव्हते. ते मी डंपरांत भरले. मग खाली येऊन कड्याच्या सुरक्षित टोकापासून ते बुडाशी रचत गेलो, रचलेल्यावर चढून पुढे सरकत गेलो. एकदा शिट्टी झाली. उस्तादने मला मागे घेतले. वरून काही दगड सुटले आणि नव्याच्या केबिनची काच खळकन गेली. मालकाने डोके धरले. मी मात्र नंतर जरा जोरात काम केले.

माझा तेलाचा एक पाइप फुटला, बदलला, आणि पुन्हा लागलो. सांजेला वरच्या माणसाने खुंट्यांमधले अंतर मापले, पुन्हा मापले आणि हात आडवा हलवला. भेग वाढायची थांबली होती. घर उभे होते. मॅडमनी मालकाला सगळ्यांसमोर सांगितले की, आता इथून दगडाची एक पाटीही बाहेर जाणार नाही. उरलेले काम फक्त जमीन परत करण्याचे. उस्तादला कामावरून काढण्याचे मालक त्यानंतर विसरला. मला चालवायला दुसरे कोण होते?

नवा नवी काच बसवून दुसऱ्या खाणीवर गेला. मग मी त्या कड्यांचे उतार केले. वरचे कंगोरे ओढून खाली घेतले, पायऱ्यांचे कोपरे मोडले, भेगेच्या वरचे ओझे उतरवले, पाणी जायला वाटा ठेवल्या. मॅडम एक डोळा मिटून उतार मापत आणि "अजून थोडा" म्हणत. शेवटी मुरूम पसरला, आणि मग त्याच्यावर तो. माझा शेजारी.

इथे माझ्यासाठी शेवटचा अपमान राखून ठेवला होता. पसरलेल्या मातीवर माझी साखळी पडता कामा नये. माझ्या वजनाने ती दबते, मग मुळे आत जात नाहीत. म्हणून मी मुरमावर उभे राहायचे, हात लांब करून पुढे माती पसरायची आणि स्वतः मागे सरायचे. पसरायचे, मागे सरायचे. जिथे माझ्या हाताने माती पडली, तिथे मला परत पाय ठेवायचा नाही. असा मागे मागे सरत मी फाटकाबाहेर आलो. आत सगळीकडे तो होता, बाहेर मी. आणि ढीग? ढीग कुठेच नव्हता. ज्याचा हेवा करायचा, तो बोट दाखवण्यापुरताही उरला नाही, सगळ्या रानभर झाला. अशा माणसाचा हेवा करणे फार अवघड जाते, तुम्ही करून बघा.

काम संपले तेव्हा आक्का फाटकाशी आली. शेताकडे बघितले आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझ्याकडे वळली. जवळ आली. माझ्या बकेटपुढे खाली बसली, काठीच्या टोकाने माझ्या एकेका दातामधली खरड काढू लागली. कोपरे, कडा, सगळे नीट कोरले. किती बरे वाटत होते, काय सांगू.

"आक्का, अगं त्याला एवढं कशाला साफ करतेस? भंगारात जायचाय तो," उस्ताद म्हणाला.

"त्याला कोण करतंय? माती अडकलीय," आक्का म्हणाली. निघालेली ओंजळभर माती तिने पदरात घेतली आणि आत जाऊन पसरली.

तर मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्हीही कुठे तरी खणाल. घरासाठी, रस्त्यासाठी, कशासाठी तरी. तेव्हा वरची माती आधी बाजूला काढा, काठापासून लांब ठेवा, गुदमरू देऊ नका. कड्याचे बूड कोरू नका, कोणी कितीही लोणी लावले तरी. आणि निघताना जमीन चालण्याजोगी करून द्या. हे सगळे मी त्या ढिगासाठी सांगतो आहे, यावरून माझी काय दशा झाली आहे ते समजा. सगळे उरकले की, वेळ असेल तर, खणणाऱ्या यंत्राच्या सांध्यात थोडे ग्रीस घाला. माझ्या सांध्यांत आज पुन्हा गवत उगवले आहे. आक्का मघाशी येऊन ते न्याहाळून गेली, आणि मला उचलायला आलेल्या ट्रेलरवाल्याला म्हणाली, "राहू दे आठवडाभर. बी धरतंय."